वाकडी इंग्रजी आणि आमची सरळ पोरे

जून महिना लागला, की मृगाचा पाऊस पडो वा न पडो, शाळेची घंटा मात्र वाजते; आणि घंटेबरोबर आमच्या शेतकरी-कारागीर घरांत एक धास्ती शिरते. तिचे नाव इंग्रजी. पूर्वी ही धास्ती पाचवीला येत असे. सन २००० पासून महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गातच इंग्रजी आली, त्यामुळे आता ती सहा वर्षांच्या पोराच्या दप्तरात बसून घरी येते. पोर वहीत काही लिहिते, त्यावर लाल शाईच्या रेघोट्या उठतात. आईबाप ती वही उलटीपालटी करून पाहतात. अक्षर कळत नाही, पण लाल रंग कळतो. मग बाप म्हणतो, "हे आपल्या डोक्यात शिरायचं नाही." आई म्हणते, "आपल्या वंशातच नाही ते." आणि वर्गात त्या पोराला 'ढ' ही जी पदवी मिळते ती दहावीपर्यंत, किंवा त्याआधीच शाळा सुटली तर तोपर्यंत, त्याच्या कपाळाला चिकटून राहते.

या 'आपल्या वंशात नाही' विषयी आज आम्हांस चार शब्द स्पष्ट लिहावयाचे आहेत. कारण हे बोल आमचे नव्हेत. ते पिढ्यान्‌पिढ्या आमच्या तोंडात कोंबले गेले आहेत. विद्या अमक्या कुळात असते व तमक्या कुळात नसते, हे थोतांड जोतीरावांनी दीडशे वर्षांपूर्वी उघडे पाडले. तेच थोतांड आता इंग्रजी स्पेलिंगचा अंगरखा घालून आमच्या ओसरीवर येऊन बसले आहे. त्याला तेथून उठवावयाचे तर आधी इंग्रजी भाषा एवढी वाकडी का, हे समजून घेतले पाहिजे.

आधी पोराची चूक काय असते ती पाहू. मास्तरांनी शिकविले की 'वॉक' म्हणजे चालणे आणि 'वॉक्ड' म्हणजे चालला. क्रियापदाला 'ई-डी' लावली की काम झाले. पोराने नियम मनात धरला आणि 'गो'चे 'गोड' केले. मास्तर म्हणाले, चूक! 'वेन्ट' म्हण. मास्तरांनी शिकविले, एक 'बुक', अनेक 'बुक्स'. पोराने एक 'फूट', अनेक 'फूट्स' असे लिहिले. पुन्हा चूक! 'फीट' म्हण. 'हाउस'चे 'हाउसेस' होते, पण 'माउस'चे 'माइस' होते. 'बी-यू-टी बट, तर पी-यू-टी पुट का?' हा प्रश्न तर गावोगावच्या पोरांनी विचारून झाला आहे, आणि त्याचे उत्तर बहुधा छडीने नाही तर हशाने मिळाले आहे.

वाचकहो, नीट विचार करा. 'गोड' लिहिणाऱ्या पोराने काय केले? ऐकलेला नियम लक्षात ठेवला आणि जो शब्द त्याला कोणी शिकविला नव्हता त्यावर तो स्वतःच्या बुद्धीने चालविला. पाठांतराच्या पोपटाला ही चूक करताच येत नाही. ज्याला नियम कळला त्यालाच ती करता येते. खुद्द इंग्रजांची तीन-चार वर्षांची पोरे आपल्या आयांजवळ असेच 'गोड' आणि 'फूट्स' म्हणतात. तेथे त्यांना कोणी 'ढ' म्हणत नाही. आया कौतुकाने हसतात आणि पोरे हळूहळू 'वेन्ट' म्हणू लागतात. मग तीच चूक आमच्या करमाळ्याच्या, सांगोल्याच्या, अक्कलकोटच्या पोराने केली की ती वंशाची खोट कशी ठरते?

आता घरचेच उदाहरण घ्या. आमच्या मराठीत 'बस' वरून 'बसला', 'चाल' वरून 'चालला', 'पड' वरून 'पडला'. मग 'जा' वरून काय व्हावे? 'जाला'. पण आपण म्हणतो 'गेला'. 'कर'चे 'केला', 'मर'चे 'मेला', 'ये'चे 'आला', 'हो'चे 'झाला', 'दे'चे 'दिला'. कधी शाळेची पायरी न चढलेली आमची माउली ही सारी रूपे दिवसभर बिनचूक बोलते. तिला ती कोणी घोकून घातली नाहीत. घरातले बोलू लागलेले पोर काही दिवस 'मी करलं' म्हणते, आजी हसते, आणि पुढे ते आपोआप 'केलं' म्हणू लागते. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले. पण त्याच्या कित्येक शतके आधीपासून आमचे नांगरे आणि विणकर 'गेला' आणि 'केला' बरोबरच म्हणत आले. वाकड्या रूपांना जर बुद्धीचे माप म्हणावयाचे असेल, तर ते माप आमच्या घरात प्रत्येकाने पाळण्यातून उतरताच पुरे केले आहे.

'जा' आणि 'गेला' यांचे गूढ काय ते सांगतो. हे मुळात दोन निरनिराळे शब्द आहेत. 'जा' हे 'या' या जुन्या धातूपासून आले, 'गेला' हे 'गम्' या दुसऱ्याच धातूपासून आले. दोहोंचा अर्थ जाणे. वापरता वापरता एकाचा चालू काळ टिकला, दुसऱ्याचा भूतकाळ टिकला, आणि त्यांचे एक कुटुंब झाले. इंग्रजीतही नेमके हेच घडले. 'गो' हा एक शब्द, आणि 'वेन्ट' हा 'वेन्ड' नावाच्या दुसऱ्या क्रियापदाचा भूतकाळ. ज्या इंग्रजीला आपण घाबरतो तिने आणि आपल्या मराठीने एकाच क्रियापदाशी एकच खोडी केली आहे. एवढे जरी वर्गात सांगितले तरी निम्मी भीती जागीच मरेल. पण हे सांगतो कोण?

आता जी इंग्रजी रूपे मुलांना छळतात ती एका बाजूला मांडून पाहा, म्हणजे एक नवल दिसेल. नियम मोडणारे शब्द कोणते? 'ऑक्स'चे 'ऑक्सन', म्हणजे बैल. 'शीप'चे 'शीप'च, म्हणजे मेंढरू. 'फूट'चे 'फीट', 'टूथ'चे 'टीथ', 'चाइल्ड'चे 'चिल्ड्रन', 'मॅन'चे 'मेन'. क्रियापदे पाहा: खाणे, पिणे, झोपणे, येणे, जाणे, देणे, घेणे. दळणे म्हणजे 'ग्राइंड', त्याचे 'ग्राउंड'. सूत कातणे म्हणजे 'स्पिन', त्याचे 'स्पन'. आणि आमच्या सोलापुरी मागावरचे विणणे म्हणजे 'वीव्ह', त्याचे 'वोव्ह' आणि 'वोव्हन'. बैल, मेंढरू, दात, पाय, लेकरू, दळण, कातण, विणकाम! हे का दरबारी शब्द आहेत? ही तर इंग्रज शेतकऱ्याच्या, धनगराच्या, विणकराच्या घरची बोली आहे. जो शब्द दिवसातून शंभर वेळा तोंडात येतो त्याचे जुने रूप झिजत नाही, कारण प्रत्येक पिढीला ते कानावर पडून पाठ होते. जो शब्द क्वचित येतो त्याचे जुने रूप लोक विसरतात आणि त्याला नवा नियम लावून मोकळे होतात. 'हेल्प' म्हणजे मदत करणे. त्याचा भूतकाळ एके काळी 'होल्प' असा होता, तो जाऊन आज 'हेल्प्ड' झाला. २००७ साली 'नेचर' या विज्ञानाच्या साप्ताहिकात काही संशोधकांनी याचा हिशेब मांडला. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतील १७७ वाकडी क्रियापदे त्यांनी निवडली. मधल्या काळात त्यांपैकी १४५ वाकडी राहिली होती, आणि आज ९८ उरली आहेत. वापर जितका कमी, तितके क्रियापद लवकर सरळ झाले. म्हणजे जी उरली ती रोजच्या घासाची आहेत.

इंग्रज शेतकऱ्याची ही बोलीही एके काळी हलकी ठरली होती. १०६६ साली फ्रान्सातून नॉर्मन लोक आले, इंग्लंड जिंकले आणि तेथले धनी होऊन बसले. पुढे दोनतीनशे वर्षे दरबार, कज्जे आणि मेजवान्या फ्रेंच भाषेत चालल्या आणि इंग्रजी गोठ्यात व शेतात राहिली. त्याची खूण आजही त्या भाषेत आहे. जनावर जिवंत असताना, म्हणजे रयत त्याला चारापाणी करते तेव्हा, त्याचे नाव इंग्रजी: 'ऑक्स', 'शीप'. तेच कापून धन्याच्या ताटात गेले की नाव फ्रेंच: 'बीफ', 'मटन'. पोसणाऱ्याचा शब्द वेगळा आणि खाणाऱ्याचा वेगळा. ही गोष्ट आमच्या कुणब्याला फार समजावून सांगण्याची गरज नाही.

मग स्पेलिंगचा घोळ कोठून आला? त्याचीही हकीकत ऐका. एक तर इंग्रजीजवळ अक्षरे अवघी २६ आणि आवाज सुमारे ४४. आमच्या बाराखडीसारखी प्रत्येक स्वराची वेगळी खूण तेथे नाही. त्यातून विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडात पहिला छापखाना घातला. छापखाना आला की शब्दाचे अंग खिळ्यांत ओतले जाते आणि मग ते सहसा हलत नाही. पण लोकांची जीभ हलतच राहिली. नेमक्या त्याच दोनतीन शतकांत इंग्रजीचे स्वर मोठ्या प्रमाणात बदलले. कागद जुन्या उच्चाराचा राहिला आणि तोंड नव्या उच्चाराचे झाले. 'पी-यू-टी'चे गुपित यातच आहे. पूर्वी 'बट'मध्येही 'पुट'सारखाच 'उ' होता. सतराव्या शतकाच्या सुमारास बहुतेक शब्दांतला तो 'उ' आमच्या 'अ'कडे झुकला. 'पुट', 'पुश', 'फुल', 'बुल' हे थोडे शब्द जुन्या जागेवर राहिले. 'बुल' म्हणजे वळू. तो हटून बसला यात नवल ते काय?

नांगराला इंग्रजीत 'प्लाउ' म्हणतात, आणि लिहितात 'पी-एल-ओ-यू-जी-एच'. शेवटची 'जी-एच' ही दोन अक्षरे आज कोणी उच्चारत नाही. पूर्वी अशा जागी घशातून खरखरीत 'ख' काढीत. तो आवाज मेला, त्याची अक्षरे राहिली. कोठे त्यांचा 'फ' झाला, जसे 'कफ' म्हणजे खोकला; कोठे ती मुकी झाली. 'नाइट', 'नाइफ', 'निट' यांच्या आरंभीची 'के' अशीच मुकी. एके काळी तीही बोलत होती. ही अक्षरे म्हणजे जुन्या उच्चारांची स्मशाने होत. मुलाला एवढे सांगितले तर तो ती गंमत म्हणून लक्षात ठेवील. 'हे असेच आहे, घोकून ये' म्हटले तर तो त्यात आपलाच दोष पाहील.

परंतु काही मुकी अक्षरे कधीच बोलत नव्हती, आणि ती कोणी घुसडली हे ऐकण्यासारखे आहे. कर्जाला इंग्रजीत 'डेट' म्हणतात. जुने इंग्रज हा शब्द जसा बोलत तसाच लिहीत. त्यात 'बी' नव्हती. पुढे विद्वानांच्या मनात आले की आपल्या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेतील 'डेबिटम' या थोर शब्दात आहे, ते कागदावर दिसले पाहिजे. म्हणून त्यांनी मध्ये एक 'बी' घातली. ती ना कोणी बोलले, ना कोणी बोलणार. शब्दाचे उंच कुळ दिसावे एवढेच तिचे काम. पावतीला 'रिसीट' म्हणतात, तिच्यात अशीच फुकटची 'पी' बसली. बेटाला 'आयलंड' म्हणतात. त्या शब्दाचा लॅटिनशी काही संबंध नाही, तो अस्सल जुना इंग्रजी. तरी चुकीची वंशावळ जोडून त्यात 'एस' घातला, आणि तीच चूक आज शुद्ध ठरून बसली आहे. कर्जात एक अक्षर जादा, पावतीत एक अक्षर जादा! ज्याने सावकाराची वही पाहिली आहे त्याला हा हिशेब ओळखीचा वाटेल.

तात्पर्य, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी लॅटिनच्या पंडितांनी सोवळे मिरविण्यासाठी जे केले त्याचा दंड आज मोहोळ तालुक्यातले पोर भरते. एक गुण कापला जातो, आणि कापणारा समजतो की आपण पोराची अक्कल मोजली. खरे म्हणजे मोजली गेली ती एका परक्या देशातील जुन्या पंडितांची हौस!

हा रोग परदेशातच आहे असे कोणी समजू नये. आमच्या मराठीतही तो होता, अजून आहे. आमच्या आजोबांच्या पुस्तकांत 'नांव', 'पांच', 'कांटा', 'हांक' अशी मुकी टिंबे डोक्यावर घेऊन शब्द उभे असत. टिंब बोलले जात नसे, पण वगळले तर मुलगा अशुद्ध ठरे. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे नियम सरकारने मान्य केले आणि ती टिंबे गेली. आभाळ कोसळले काय? मराठी बाटली काय? उलट लाखो पोरांच्या पाठीवरचे ओझे कमी झाले. मात्र ऱ्हस्व-दीर्घाचे अजून तसेच आहे. एखादी वेलांटी पहिली का दुसरी हे ठरविण्यासाठी शब्द संस्कृतातून जसाच्या तसा आला की मराठीच्या घरात जन्मला, हे आधी विचारावे लागते. माणसाची जात विचारू नये असे आपण म्हणतो, पण शब्दाची जात विचारल्याशिवाय तो आम्हांला लिहिता येत नाही. ज्याच्या घरी संस्कृतची पोथी होती त्याच्या पोराला हे उत्तर ऐकून ठाऊक; ज्याच्या घरी नव्हती त्याचे पोर अशुद्ध.

अशुद्धतेचा हा दगड आमच्यावर प्रथमच आला आहे असे नाही. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली. तिच्यात त्यांनी काय विचारले, याचे उत्तर देणे जड गेले. तेव्हा विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या 'निबंधमाले'त त्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची थट्टा झाली. जोतीराव रयतेच्या भाषेत रयतेचे दुःख लिहीत होते. त्या दुःखाऐवजी काना-मात्रा मोजल्या गेल्या. आज त्या थट्टेला कोण विचारतो? 'गुलामगिरी' मात्र घराघरांत आहे. आणि ज्यांच्या व्याकरणाला हसले गेले त्याच जोतीरावांनी त्या पुस्तकाला इंग्रजीत प्रस्तावना लिहिली होती, हेही आमच्या पोरांना सांगितले पाहिजे. सावित्रीबाईंच्या १८५४ सालच्या 'काव्यफुले' या संग्रहात इंग्रजी शिकण्याचा उपदेश आहे. म्हणजे आमच्या या दोन्ही वडीलधाऱ्यांनी इंग्रजीचा धाक धरला नाही आणि तिचा तिरस्कारही केला नाही. अवजार म्हणून ती हाती घेतली.

आणि आज आम्ही तेच सांगतो. इंग्रजी वाकडी आहे, तिचे स्पेलिंग पंडितांच्या हौसेने बिघडले आहे, हे सारे खरे. पण म्हणून ती सोडून द्या असे जो म्हणेल त्याचे ऐकू नका. कारण कागद कोणाच्या भाषेत आहे हा प्रश्न आमच्यासाठी पोटाचा आहे. १८७५ साली पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर जाऊन कर्जरोखे जाळले. रोख्यावर काय लिहिले आहे ते अंगठा उठविणाऱ्याला वाचता येत नव्हते, हे त्या आगीचे एक कारण होते. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी सरकारने कायदा केला. तो पुणे, सातारा, अहमदनगर या जिल्ह्यांबरोबर आमच्या सोलापूरलाही लागू होता, आणि रोखे गावच्या निबंधकापुढे नोंदविण्याची तरतूद त्यात होती. आज रोखा मोडीत नाही. आज ट्रॅक्टरच्या कर्जाचा करार, विम्याची पॉलिसी, दवाखान्याची चिठ्ठी, हायकोर्टाचा निकाल, औषधाच्या व खताच्या डब्यावरची बारीक अक्षरे, यांतले पुष्कळसे इंग्रजीत असते. लिपी बदलली, पण खाली सही करणारा तोच आहे. ज्या घरात एक तरी मूल 'डेट' आणि 'रिसीट' हे दोन शब्द त्यांच्या मुक्या अक्षरांसकट ओळखते, त्या घराला फसविणे अवघड जाते.

म्हणून आता उपाय. पहिली गोष्ट, शत्रूची संख्या मोजा. इंग्रजीत क्रियापदे हजारोंनी आहेत. पण शाळेत लागणारी वाकडी क्रियापदे दीडशे-दोनशेच्या घरात आहेत, आणि वाकडी अनेकवचने तर दोन्ही हातांच्या बोटांवर दोनदा मोजावीत एवढीच. नवीन निघणारे क्रियापद मुकाट्याने 'ई-डी' घेते. आठवड्याला दहा रूपे केली तर पाच महिन्यांत सारी यादी संपते. जी यादी एका खरीप हंगामात संपते तिच्यासाठी जन्मभर 'ढ' म्हणवून घेण्याचे कारण नाही.

दुसरी गोष्ट, रूपे एकेकटी न घोकता भावकीने घोका. 'सिंग-सँग-संग' यांची भावकी 'ड्रिंक', 'रिंग', 'स्विम' यांच्याशी. 'ग्रो-ग्र्यू-ग्रोन' यांची 'नो', 'थ्रो', 'ब्लो' यांच्याशी. 'टीच-टॉट'ची 'कॅच-कॉट' आणि 'बाय-बॉट' यांच्याशी. 'कट', 'पुट', 'शट' ही तर तिन्ही काळी तशीच राहतात, त्यांना काहीच करावयाचे नाही. स्पेलिंगचेही तसेच. 'लाइट', 'नाइट', 'राइट', 'फाइट' ही एका आळीतली घरे. एकाचे दार कळले की सगळ्यांची कळतात. मागाचा धोटा ज्या ठेक्यावर चालतो त्या ठेक्यावर 'वीव्ह-वोव्ह-वोव्हन' म्हणून पाहा, चार दिवसांत पाठ होईल.

तिसरी गोष्ट आईबापांसाठी. आपल्याला इंग्रजी येत नाही म्हणून पोराचा अभ्यास घेता येत नाही असे समजू नका. पोराच्या हाती पुस्तक द्या आणि म्हणा, "बाळ, आज तू मास्तर, मला शिकव." शिकविताना जे पाठ होते ते शिकताना होत नाही. पोर अडखळले तर हसू नका, आणि पाहुण्यांपुढे 'जरा इंग्रजी बोलून दाखव' म्हणून त्याचा तमाशा करू नका. हेही विसरू नका, की आमच्या सोलापुरात पद्मशाली विणकराचे पोर घरी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे पोर घरी कन्नड बोलते, गल्लीत मराठी बोलते, बाजारात हिंदी समजते. इंग्रजी ही त्याची तिसरी किंवा चौथी भाषा. ज्याच्या जिभेवर तीन भाषा नांदतात त्याला भाषेचे अंग नाही असे म्हणणाऱ्याचीच परीक्षा घेतली पाहिजे.

फी भरण्यासाठी कर्ज काढून मुलाला इंग्रजी माध्यमात घालणाऱ्यांनाही एक विनंती आहे. माध्यम इंग्रजी झाले म्हणून 'जी-एच' बोलू लागत नाही. तेथेही 'गो'चे 'वेन्ट'च होते, आणि तेथेही ते समजावून सांगणारा लागतोच. समजावून सांगणारा मास्तर गावच्या शाळेत असेल तर ती शाळा सोडू नका. नसेल तर ग्रामसभेत उठून तो मागा. जोतीरावांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे प्राथमिक शिक्षणासाठी आणि शेतकरी वर्गातून शिक्षक घेण्यासाठी मागणे मांडले होते. ती मागणी जुनी झाली असली तरी निकालात निघालेली नाही.

शेवटी आमच्या शिक्षक बांधवांस. लाल शाई आपल्या हाती आहे, ती जपून वापरावी. पोराने आपल्या मनचे चार वाक्यांत लिहिले असेल तर आधी ते काय सांगते आहे ते वाचावे, त्याचे गुण द्यावे, मग स्पेलिंग दुरुस्त करावे. चूक सरसकट खोडण्यापेक्षा पोराने नियम कोठे बरोबर लावला आणि शब्द कोठे नियमाबाहेर गेला, हे बाजूला लिहावे. वर्गात 'ढ' म्हणणे, चुकीचे वाक्य मोठ्याने वाचून हशा पिकविणे, ही केवळ वाईट सवय नव्हे. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने मुलांस मारणे आणि त्यांस मानसिक त्रास देणे या दोन्हींस बंदी केली आहे. आणि वर्षातून एक तास तरी काढून 'नांगर', 'कर्ज' व 'पावती' या शब्दांची वर सांगितलेली हकीकत मुलांस सांगावी. तो तास वाया जाणार नाही.

आमच्या गावाचे नाव इंग्रजांनी 'शोलापूर' असे लिहिले. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणीही कागदोपत्री 'शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी'च होती. लोक मात्र पूर्वीपासून सोलापूर म्हणत राहिले, आणि अखेर कागदावरचा तो 'एच' लोकांच्या तोंडापुढे हरला. अमेरिकेत लोकांनी नांगराची 'जी-एच' काढून टाकून 'पी-एल-ओ-डब्ल्यू' असे सुटसुटीत रूप केले, ते तेथे शुद्धच मानतात. उलट १९०६ साली त्याच देशाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी तीनशे शब्दांचे स्पेलिंग एकदम सोपे करण्याचा हुकूम काढला, तो तेथील कायदेमंडळापुढे टिकला नाही. तेव्हा इंग्रजी आज-उद्या सरळ होईल या भरवशावर आम्ही बसू नये. ती आहे तशी शिकावी, तिची खोड ओळखून शिकावी, पण तिच्यापुढे मान खाली घालू नये.

शेतकरी आणि कारागीर बांधवांनो, यंदा पोराची वही लाल होऊन घरी आली तर 'आपल्या वंशात नाही' हे शब्द तोंडातून काढू नका. पोराला जवळ बसवा, आणि त्याला विचारा की 'जा'चे 'गेला' कसे झाले. ते क्षणभर चकित होईल, मग हसेल, आणि पुस्तक उघडील.